आभासी यंत्राची प्रत : एक पाठचिकित्सा

लिनक्सच्या गाभ्यात २००७ साली 'केव्हीएम' आले आणि एका संगणकाच्या पोटात दुसरा चालविणे सुलभ झाले. यजमानाच्या दृष्टीने असे आभासी यंत्र म्हणजे बहुधा एक मोठी फाइलच होय. फाइल आहे, तर नक्कल करून ठेवावी, एवढ्यावरच संरक्षणाचा विचार संपविण्याची प्रवृत्ती दिसते. पोथ्यांच्या अभ्यासकाला तरी ती शोभत नाही.

वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील बोलींची ध्वनिमुद्रणे आणि शब्दसूची अशा यंत्रात साठविली आहेत, असे समजू. यंत्र चालू असता ही फाइल उचलली, तर नकलेचा आरंभ दहा वाजताचा आणि शेवट साडेदहाचा ठरतो; मधल्या वेळात सूचीत आलेला शब्द अर्धाच उतरण्याचा संभव असतो. कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नसलेल्या अशा संहितेला पाठचिकित्सेत आपण संकरित म्हणतो. येथे तिलाच निर्धास्तपणे 'बॅकअप' म्हटले जाते.

'स्नॅपशॉट' ह्या शब्दाने घोटाळा अधिकच वाढविला आहे. छायाचित्र मूळ व्यक्तीच्या पश्चातही उरते. हे क्षणचित्र उरत नाही. अंतर्गत क्षणचित्र त्याच फाइलीत राहते. बाह्य क्षणचित्र घेतल्यावर नवे लेखन वेगळ्या थरात जाते आणि जुनी फाइल स्थिर होते. परंतु मूळ ग्रंथावाचून टीका जशी निराधार, तसाच त्या फाइलीवाचून हा थर. म्हणून क्षणचित्र हे साधन मानावे, प्रत नव्हे. अतिथी यंत्रातील 'गेस्ट एजंट'करवी लेखन क्षणभर थांबवावे, बाह्य क्षणचित्र घ्यावे, स्थिर फाइलीची नक्कल दुसऱ्या यंत्रावर न्यावी आणि मग 'ब्लॉककमिट'ने वरचा थर मुळात मिसळावा. शेवटचे पाऊल विसरल्यास थरांवर थर चढत जातात. यंत्राची एक्सएमएल व्याख्याही सोबत हवी. डेटाबेस असल्यास त्याची स्वतंत्र निर्यात घेणे अधिक विश्वसनीय.

'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांच्या स्मरणावरून ती पुन्हा सिद्ध झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून उद्भवलेल्या पाठभेदांवर विद्वानांची आयुष्ये खर्ची पडली. तेथे निदान हिराइसेसारख्यांचे स्मरण होते; बोलींच्या ध्वनिमुद्रणांना तसा पाठांतराचा आधार नाही, आणि ज्या वृद्ध निवेदकांचे आवाज घेतले, ते पुन्हा मिळतीलच असेही नाही.

'क्यूईएमयू-इमेज चेक' ही आज्ञा फाइलीची रचना तपासते, आशय नव्हे. पोथीची पाने मोजावीत, पण एकही ओळ वाचू नये, तसा हा प्रकार. खरी परीक्षा एकच : नक्कल वेगळ्या यजमानावर, जाळ्यापासून तोडून, चालू करावी आणि तीतील एखादे ध्वनिमुद्रण आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावे.