थापटी आणि मडकं

जानेवारी २०२० मध्ये आमच्या धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नाव जाहीर होताच काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. का? तर ते फादर! ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला, वसईची हिरवाई वाचवायला माणूस रस्त्यावर उतरलेला; पण हरकत घेणाऱ्यांना दिसला फक्त झगा.

उलट बाजूचे लोकही असतात. त्यांना व्यासपीठ दिसलं की हात आपोआप जोडले जातात. रवी झकारायस हे मद्रासेत जन्मलेले, जगभर गाजलेले ख्रिस्ती प्रवचनकार. संस्थेला नावही त्यांचंच. म्हणजे पाटी, पावती आणि प्रवचन, तिन्हीकडे एकच गृहस्थ! एका बाईनं गैरवर्तनाची तक्रार केली, तेव्हा २०१७ मध्ये त्यांनी तिच्यावरच दावा ठोकला. संस्थेनं विश्वास ठेवला तो साहेबांवर. ते मे २०२० मध्ये वारले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनंच नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला: या गृहस्थांनी अनेक स्त्रियांचं शोषण केलं होतं. मग संस्थेनं माफी मागितली. त्या बायकांची गेलेली वर्षं मात्र कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत.

आमच्या बँकेत तिजोरीला किल्ल्या दोन, त्याही दोघांकडे. कॅशियर धर्मराजाचा अवतार असला तरी दुसरी किल्ली त्याला मिळत नाही. शिवाय जोखमीच्या खुर्चीवरच्या माणसाला सक्तीची रजा. तो घरी बसला की त्याच्या वह्या दुसरा उघडतो. यात कुणी अपमान मानत नाही. रजा मिळाली म्हणून बायको खूष असते.

तुम्ही म्हणाल, देवाच्या दारी कसली ही बँकगिरी? अहो, ती आपल्याकडे बँकांच्या आधीपासून आहे. प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारे नामदेव. याहून मोठा वशिला कुणाचा? पण आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांनी म्हणे त्यांच्या डोक्यावर थापटी हाणली आणि सांगून टाकलं, हे मडकं कच्चं! नामदेव रुसले, चिडले; पण शेवटी गुरू शोधायला निघाले.

चर्च असो, मठ असो की आपल्या गल्लीतले बाबा असोत, झगा पाहून आठ्या घालू नयेत आणि गर्दी पाहून हातही जोडू नयेत. थापटी मारून पाहावी. थापटी मारणाऱ्यावरच दावा झाला, तर मडकं कच्चं आहे हे गोरोबाकाकांना विचारायला नको.