गौण वाक्यातला अर्थ : पदार्थविज्ञान, संगणक आणि 'मायनर' नावाची सोय

शाळेत मिश्र वाक्य शिकवताना मास्तर दोन भाग करून दाखवत : प्रधान वाक्य आणि गौण वाक्य. 'गुरुजी म्हणाले, की पृथ्वी फिरते.' यात प्रधान वाक्य 'गुरुजी म्हणाले', आणि पृथ्वीचे फिरणे गौण. रचनेत जे गौण ते अर्थातही गौण असतेच असे नाही, हे मला तेव्हा प्रथम उमगले. पदवीच्या नव्या आराखड्यातले 'मेजर' आणि 'मायनर' वाचताना हेच वाक्य पुन्हा आठवले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा जो आराखडा जाहीर केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक आहेत. त्यांतले किमान 60 मेजरचे, 24 मायनरचे. वर्गातल्या पंधरा तासांच्या शिकवण्याला एक श्रेयांक, प्रयोगशाळेतल्या तीस तासांना एक. म्हणजे उपयोजित पदार्थविज्ञान घेणाऱ्या मुलीला पदवीचा पाचवा हिस्सा संगणकाला देता येतो. कल्पना स्वागतार्ह आहे. एकाच विषयाच्या कोंडीतून बाहेर पडायची वाट पूर्वी इतकी सरळ नव्हती.

माझा आक्षेप वेगळा आहे. या रचनेत दोन विषय शेजारी बसतात, पण त्यांची गाठ घालून देण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. मायनर म्हणजे दुसऱ्या विभागाच्या अभ्यासक्रमाचा कापून दिलेला तुकडा, अशी समजूत करून घेणे सोपे जाते. जोडकाम विद्यार्थ्याने स्वतःच करायचे.

ते जोडकाम म्हणजे काय, हे मी घरच्या संगणकावर शिकलो. दोन्हींपैकी एकाही विषयाची पदवी माझ्याकडे नाही. घर्षण नसलेल्या लंबकाचे लहान झोके मी ऑयलरच्या सर्वांत साध्या पद्धतीने मोजले : आताच्या स्थानावरून आणि वेगावरून पुढच्या क्षणाचे स्थान आणि वेग. प्रोग्रॅम बिनतक्रार चालला, आणि लंबकाचा झोका मात्र वाढतच गेला. पायरीगणिक थोडी ऊर्जा कुठून तरी येत होती. प्रोग्रॅमरच्या नजरेने पाहिले तर चूक कुठेच नव्हती. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ठाऊक असलेल्याला मात्र पडद्यावर एक अशक्य गोष्ट दिसत होती. उपाय एका ओळीचा निघाला. आधी वेग बदलायचा आणि तो नवा वेग वापरून स्थान काढायचे. पायरी पुरेशी लहान असली, की ऊर्जा मर्यादेत राहते. ही चूक पदार्थविज्ञानाने ओळखली आणि संगणकाने सुधारली. गुणपत्रिकेच्या कोणत्या रकान्यात ती मांडणार?

या जोडकामाचे श्रेय हरवणे नवे नाही. 1953 च्या सुमारास लॉस अलामॉसमध्ये एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम यांनी स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी 'मॅनिअ‍ॅक' या संगणकावर हलवून पाहायचे ठरवले. एका कंपनप्रकाराला दिलेली ऊर्जा हळूहळू सगळ्यांत वाटली जाईल, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच : ऊर्जा फिरून जवळजवळ सगळी मूळ प्रकारात परतली. 1955 चा तो अहवाल अरेखीय विज्ञानाच्या आरंभखुणांपैकी एक मानला जातो. दहा वर्षांनी झाबुस्की आणि क्रुस्कल 'सॉलिटॉन'पर्यंत पोचले, ते याच कोड्याचा माग काढत.

ती गणिते यंत्राच्या भाषेत उतरवून चालवली मेरी त्सिंगू यांनी. काम करणारे म्हणून अहवालावर चौघांची नावे आहेत, लिहिणारे म्हणून तिघांची. त्सिंगू यांचे आभार तळटीपेत आहेत. पुढची कित्येक दशके हा प्रश्न तिघांच्याच नावाने ओळखला गेला. चौथे नाव जोडण्याचा आग्रह ठळकपणे पुढे आला तो 2008 मध्ये. मराठीत 'क्रेडिट'ला आपण 'श्रेयांक' म्हणतो. त्या शब्दातले 'श्रेय' किती सहज तळटीपेत जाते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडचा इतिहासही या दोन विषयांना वेगळे मानत नाही. 1960 मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडला, म्हणजे होमी भाभा या पदार्थवैज्ञानिकाने उभारलेल्या घरात. 2024 चे पदार्थविज्ञानाचे नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना मिळाले, ते कृत्रिम चेताजाळ्यांवरील कामासाठी.

यावर असे म्हणता येईल, की छोट्या गावातल्या महाविद्यालयात जे शिक्षक आहेत त्यांच्यावरच भागवावे लागते. तिथे जोडकामाची भाषा ही चैन आहे. अडचण खरी आहे. पण मी मागतो आहे ते नवे पद नाही की नवी इमारतही नाही. 24 पैकी चार श्रेयांक दोन्ही विभागांनी मिळून शिकवावेत, आणि उत्तरपत्रिका दोघांनी मिळून तपासावी. 'प्रोग्रॅम चालतो का?' आणि 'निसर्गात असे घडते का?' हे दोन्ही प्रश्न एकाच उत्तराला विचारले जावेत. लंबकासाठी संगणकही साधाच पुरतो.

हे झाले नाही, तर मुलांच्या हाती दोन विषयांचे गुण पडतील, आणि वाढत जाणारा झोका पाहून दचकणारे कोणी उरणार नाही. 'गौण' हा शब्दही मुळात 'गुण' या शब्दावरूनच आला आहे. वाक्याचे पृथक्करण करताना गौण वाक्य वेगळे काढावेच लागते. पण ते काढून टाकले, तर गुरुजी नुसतेच 'म्हणाले' एवढेच शिल्लक राहते.