काउंटरच्या पलीकडचं ॲन आर्बर

आपण राहतो त्या गावावर कुणी चित्रपट काढला, की पाहताना निम्मं लक्ष गोष्टीकडे आणि निम्मं मागच्या दुकानांच्या पाट्यांकडे असतं. ‘द फाइव्ह-इयर एंगेजमेंट’ हा चित्रपट २०१२च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा ॲन आर्बरकरांचं असंच झालं. पडद्यावर झिंगरमन्स दिसताच थिएटरात टाळ्या पडल्या आणि पुढची दोन-तीन वाक्यं त्या टाळ्यांत बुडाली. परवा तोच चित्रपट घरी सोफ्यावर बसून पुन्हा पाहिला, या खेपेस पाट्यांकडे फारसं लक्ष न देता. विनोदी चित्रपट म्हणून तो मध्यमच आहे. पण आपल्या मंडळातल्या निदान निम्म्या घरांची गोष्ट त्यात आहे, फक्त उलटी करून सांगितलेली. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. टॉम (जेसन सीगल) हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बड्या रेस्टॉरंटात दुय्यम शेफ आहे. व्हायोलेट (एमिली ब्लंट) मूळची इंग्लंडची, मानसशास्त्रात पीएच.डी. झालेली. दोघांचं लग्न ठरतं. तिला बर्कलीत जागा हवी असते, मिळते मिशिगन विद्यापीठात, दोन वर्षांसाठी. तो म्हणतो, काय त्यात, मी येतो तुझ्याबरोबर. इकडे त्याला नव्या रेस्टॉरंटाचा मुख्य शेफ करायचं मालकिणीच्या मनात असतं, ती जागा त्याच्या मित्राला जाते. ॲन आर्बरला आल्यावर टॉमला मनासारखं काम मिळत नाही आणि तो झिंगरमन्समध्ये सँडविच करायला उभा राहतो. दोन वर्षांची मुदत वाढते, लग्न लांबत जातं. पुढचं सगळं इथं सांगत नाही. दिग्दर्शक निकोलस स्टोलर, निर्मात्यांत जड ॲपटाउ, लांबी दोन तासांहून थोडी जास्त. त्यातला निदान अर्धा तास कात्रीखाली जायला हवा होता.

आपल्याकडच्या हलक्याफुलक्या चित्रपटांत अलीकडे कॉफीचं दुकान फार आलं आहे. कांदेपोह्यांची बशी गेली आणि तिच्या जागी कॉफीचा कप आला. प्रकाश कुंटे यांचा २०१५चा ‘कॉफी आणि बरंच काही’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातली जाई कॉफीशॉपमध्ये निषादची वाट पाहत बसते. छान, नीटस चित्रपट आहे. प्रार्थना बेहेरे आणि वैभव तत्त्ववादी दोघंही गोड दिसतात. पण तिथलं कॉफीशॉप गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलेलं आहे. कप येतो कुठून, आणतो कोण, त्या मुलाचं नाव काय, हे आपल्याला कळत नाही आणि कळावंसंही वाटत नाही. तो दोष नव्हे. प्रेम जमायला टेबलाची अलीकडची बाजू पुरते.

स्टोलरचा चित्रपट काउंटरच्या पलीकडे जाऊन उभा राहतो, आणि तिथंच तो मला महत्त्वाचा वाटला. प्रेम जमलेलंच आहे, प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दोघांपैकी कुणी कुणाच्या गावी जायचं, आणि गेलेल्यानं दिवसभर करायचं काय? चित्रपटाचा सगळा विनोद पुरुष मागोमाग आला यावर उभा आहे. सहा फुटांहून उंच गडी बायकोच्या नोकरीपायी गाव सोडतो, थंडीत कुडकुडतो, दाढी वाढवतो, शिकारीला जाऊ लागतो, आणि दुसऱ्या एका प्राध्यापिकेच्या नवऱ्यानं विणलेले स्वेटर पाहून थक्क होतो. लोक खो-खो हसतात. क्षणभर उलटं करून पाहा. पुण्याची किंवा नागपूरची एक मुलगी, हातात चांगली पदवी, नवऱ्याच्या नोकरीपायी गाव सोडते, थंडीत कुडकुडते, विणकाम शिकते. यावर कुणी तिकीट काढून हसायला येणार नाही. ही काही गोष्टच नव्हे, असंच सगळे म्हणतील, कारण ती दर हिवाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी घडत असते.

मी १९९६ साली इथं आले ती एच-४ व्हिसावर. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि काम करायला कायद्यानं मनाई. टॉमला निदान सँडविच करून पगार घेता येत होता, मला तेवढीही मुभा नव्हती. लिबर्टी स्ट्रीटवरच्या बॉर्डर्समध्ये पुस्तकं चाळत आणि एकच कॉफी दोन तास पुरवत मी किती दुपारी काढल्या असतील, याचा हिशेब नाही. (बॉर्डर्सचा जन्म याच गावातला, १९७१चा. आणि योगायोग पाहा, २०११च्या उन्हाळ्यात गावात या चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं, त्याच उन्हाळ्यात बॉर्डर्सची शेवटची विक्री चालू होती.) पुढं २०१५च्या मे महिन्यापासून एच-४वाल्या काही जणींना, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलं आहे त्यांना, कामाचा परवाना मागता येऊ लागला. आमच्या वेळी ते नव्हतं. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर माझी पहिली नोकरी एका कॉफीच्या दुकानात होती. सासूबाईंनी फोनवर विचारलं, “भांडी पण घासावी लागतात का गं?” म्हटलं, “हो, पण मशीन आहे.” वडिलांनी पुण्यातल्या शेजाऱ्यांना सांगितलं की मुलगी फूड इंडस्ट्रीत आहे. ते काही खोटं नव्हतं.

एवढं सांगायचं कारण असं, की टॉमच्या घुसमटीचं चित्रण किती खरं आहे हे मला पडताळून पाहता येतं. ते बरंचसं खरं आहे. तो भांडत नाही, “मी ठीक आहे” म्हणतो. आपल्याकडचं “माझं काय, चाललंय” ते हेच. प्रत्येक वेळी असं म्हणताना एकेक नाणं गल्ल्यात पडतं आणि एके दिवशी गल्ला फुटतो. त्या दोघांचा अंथरुणातल्या भांडणाचा एक प्रसंग आहे. तो म्हणतो, मला आत्ता एकटं राहायचंय. ती उठून निघते, तर म्हणतो, निघालीस कुठं? मला एकटं राहायचंय, पण तू इथं असताना. यावर थिएटरात मोठा हशा झाला होता. माझ्या शेजारी बसलेल्या दोन मैत्रिणी मात्र हसल्या नाहीत, आणि त्यांची नजर पडद्यावरून हललीही नाही. साऱ्या चित्रपटात मला सर्वांत आवडलेली जागा तीच. दोघांपैकी कुणीही खलनायक नाही, हेही लेखकांनी सांभाळलं आहे. व्हायोलेट हुशार आहे, तिला काम आवडतं, त्याबद्दल तिला शिक्षा होत नाही. निदान पूर्वार्धात तरी नाही. तिच्या प्राध्यापकाचं प्रकरण मात्र इतकं ठरीव, की तो पडद्यावर आल्या आल्या पुढचं सगळं कळतं.

आता डोनटांबद्दल. व्हायोलेट एक प्रयोग करते. लोकांसमोर शिळ्या डोनटांचा खोका ठेवायचा आणि सांगायचं, थोडं थांबा, ताजे येताहेत. जो थांबत नाही तो उतावळा, त्याचे आयुष्यातले निर्णयही कच्चे. टॉम घरी बिनधास्त शिळे डोनट खातो आणि तिच्या मनात पाल चुकचुकते. फोडणीच्या पोळीवर वाढलेल्या माणसाला हा सिद्धांत पटणं कठीण आहे. आपल्या संस्कृतीत शिळं खाणारा उतावळा नसतो, उलट तोच घरातला समंजस! पण गंमत बाजूला ठेवू. प्रयोगाचं मूळ खरं आहे. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांनी १९६०-७०च्या दशकांत लहान मुलांपुढे मार्शमेलो ठेवून असेच प्रयोग केले. जी मुलं थांबली ती पुढं यशस्वी झाली, असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. मग २०१८ साली बऱ्याच जास्त मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की मुलाच्या घरची परिस्थिती हिशेबात घेतली की हा संबंध फारच क्षीण होतो. म्हणजे ताजं खरोखर येईल असा भरवसा ज्याला आहे, तोच थांबतो.

चित्रपटाला हे अर्धवट उमगलं आहे. टॉमचं म्हणणं असं, की समोर आहे ते खाल्लं म्हणून माणसाची किंमत का करता? खरं तर तो इतकी वर्षं थांबलेलाच आहे. डोनट खातो आणि लग्नासाठी थांबतो, दोन्ही एकाच वेळी. ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा-वीस वर्षं काढणारी कुटुंबं आपल्याला नवीन नाहीत. ताजं येतंय असं त्यांना दरवर्षी सांगितलं जातं, आणि तोवर आयुष्य शिळ्यावरच चालतं. मुलं कॉलेजात जातात, घराचं कर्ज निम्मं फिटतं. मिंडी केलिंग या चित्रपटात व्हायोलेटची सहकारी वनिता झाली आहे. तिच्या वाट्याला चुरचुरीत वाक्यं आली आहेत आणि ती ती झोकात म्हणते. पण वनिताच्या मागोमाग कुणी आलं का, की तीच कुणाच्या मागोमाग आली, हे चित्रपट विचारत नाही. टेबलावर एक भारतीय चेहरा हवा होता, तो मिळाला.

माझं खरं भांडण आहे ते चित्रपटानं या गावाचं आणि झिंगरमन्सचं जे केलं त्याच्याशी. मिशिगननं २००८ साली चित्रपटवाल्यांना खर्चाच्या ४२ टक्क्यांपर्यंत परतावा देऊ केला, म्हणून अशी मंडळी इथं आली. चित्रीकरण उन्हाळ्यात, त्यामुळे पडद्यावरचा बराचसा बर्फ नकली. माझी तक्रार बर्फाबद्दल नाही, बर्फ आपल्याकडे भरपूर असतो. तक्रार अशी, की झिंगरमन्सचं काउंटर म्हणजे शेफचा अधःपात, असं गृहीत धरूनच सारा विनोद रचला आहे. हे दुकान ॲरी वाइन्झ्वाइग आणि पॉल सॅगिनॉ यांनी १९८२ साली डेट्रॉइट आणि किंग्सली स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या जुन्या विटांच्या इमारतीत सुरू केलं. रूबेन सँडविचसाठी लोक रांगा लावतात, शेजारच्या घरात बसून कॉफी पितात. याच दुकानातून १९८८ साली फूड गॅदरर्स ही संस्था निघाली, उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजूंना देणारी. २०१४च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष ओबामा किमान वेतन वाढवण्याबद्दल बोलायला ॲन आर्बरला आले तेव्हा आधी इथंच सँडविच खायला गेले. खाण्याच्या धंद्यातली माणसं देशभरातून इथं शिकायला येतात. टॉमसारख्या शेफला इथं शिकण्यासारखं काहीच सापडलं नाही, हे मला पटत नाही.

प्रत्यक्षात काय घडलं ते चित्रपटापेक्षा रंजक आहे. चित्रीकरण झालं त्याच २०११ साली वॉशिंग्टन स्ट्रीटवर ‘मार्क्स कार्ट्स’ नावाचा खाण्याच्या गाड्यांचा अड्डा सुरू झाला. जी हे किम ही सोलमध्ये जन्मलेली बाई, शिकली मिशिगन विद्यापीठात. बरी चाललेली कचेरीतली नोकरी सोडून ती झिंगरमन्सच्या काउंटरमागे उभी राहिली, मग त्या अड्ड्यावर ‘सॅन स्ट्रीट’ नावाची गाडी लावली, आणि २०१६ साली झिंगरमन्सच्याच छत्राखाली, जवळच, ‘मिस किम’ हे कोरियन रेस्टॉरंट उघडलं. आज त्या नावाचा बोलबाला गावाबाहेर दूरवर आहे. काउंटर, गाडी, रेस्टॉरंट, सगळं इथल्या इथं, चालत जाण्याच्या अंतरात. चित्रपटात मात्र टॉमला गाडी सुचते ती सॅन फ्रान्सिस्कोला परत गेल्यावरच. ॲन आर्बर म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा आणि सुटका म्हणजे कॅलिफोर्निया, हे समीकरण लेखकांनी आधीच मांडून ठेवलं होतं. मग उत्तर काढताना गावाकडे नीट पाहायची गरजच उरली नाही.

या आंधळेपणाची किंमत शेवटात मोजावी लागते. शेवट गोड आहे, नाही म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या अलामो स्क्वेअर बागेत, घाईघाईनं जमवलेल्या नातेवाइकांसमोर, पोशाखापासून वाजंत्र्यांपर्यंत सगळं जागच्या जागी निवडून लग्न लागतं. एमिली ब्लंटचा चेहरा अशा वेळी इतका उजळतो की दिग्दर्शकाच्या पन्नास चुका माफ कराव्यात. पण व्हायोलेट सॅन फ्रान्सिस्कोत आली आहे ती उन्हाळ्यापुरती. तिची नोकरी ॲन आर्बरला, त्याची खाण्याची गाडी तिकडे. दोन तास ज्या प्रश्नावर दोघं भांडली, एकाचं पायाचं बोट गेलं, लग्न मोडलं, तो प्रश्न अक्षतांखाली झाकला जातो. उन्हाळा संपल्यावर कोण कुणाच्या गावी जाणार? गाडीला चाकं आहेत, ती मिशिगनला आणता येते, हे मला सुचतं, तुम्हालाही सुचेल. लेखकांना सुचलं नसेल असं नाही. पण मग टॉमला दुसऱ्यांदा मागोमाग यावं लागलं असतं, या वेळी डोळे उघडे ठेवून, आणि ते विनोदी राहिलं असतं की नाही याची बहुधा त्यांना खात्री नव्हती.

मला तो सप्टेंबर पाहायचा होता. विद्यापीठ उघडलंय, विद्यार्थ्यांचे बापे गाद्या आणि छोटे फ्रीज उचलून जिने चढताहेत, स्टेट स्ट्रीटवर गाडी उभी करायला जागा नाही, आणि टॉम कॅलिफोर्नियाहून आणलेली गाडी कुठं लावावी म्हणून चकरा मारतोय.