सतरा वर्षांनंतरचा अल्बम : ‘इंडस क्रीड’च्या ‘इव्हॉल्व्ह’चे स्वागत आणि समीक्षेची कसोटी

प्रस्तुत लेखात मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ या रॉक बँडच्या ‘इव्हॉल्व्ह’ (२०१२) या अल्बमच्या समीक्षात्मक स्वागताचा विचार करावयाचा आहे. नळदुर्गच्या वाचकास हा विषय काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. तथापि येथील पाणीमहाल ज्याच्या कारकिर्दीत बांधला गेला, त्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानेच ‘किताब-ए-नवरस’ हा रागवार पदांचा दखनी ग्रंथ रचला. संगीताविषयीचे कुतूहल या परिसरास उपरे नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

हा बँड १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झाला. इतरांची गाणी वाजविण्याचा त्या काळचा प्रघात सोडून त्याने स्वतःची इंग्रजी गाणी रचली. १९८८ व १९९० मध्ये त्याचे दोन अल्बम आले. १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झाले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम प्रसिद्ध झाला. ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रफितीस एमटीव्हीचा पुरस्कारही लाभला. पुढे बँड विखुरला. गायक उदय बेनेगल यांनी अमेरिकेत ‘आम्स फॉर शांती’ हा नवा उपक्रम केला. २०१० मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली आणि दोन वर्षांनी ‘इव्हॉल्व्ह’ आला.

त्याचे स्वागत प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिकांतून झाले व ते सर्वसाधारणपणे अनुकूल होते. परंतु त्या स्वागताचा मध्यवर्ती शब्द ‘पुनरागमन’ हा होता. पुनरागमन ही घटना आहे, गुण नव्हे. सतरा वर्षांनी कोणी परतले याचा आनंद वेगळा आणि परतून त्याने काय रचले याचा निर्णय वेगळा. या दोहोंची गल्लत झाली की समीक्षा सत्कारसमारंभाच्या पातळीवर येते. ही गल्लत केवळ आपल्याकडची नाही. ‘रोलिंग स्टोन्स’चा ‘हॅकनी डायमंड्स’ २०२३ मध्ये आला. नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम २००५ चा, म्हणजे तेथेही अठरा वर्षांचे अंतर. ‘अमुक सालानंतरचे सर्वोत्तम’ हे ठरावीक वाक्य त्याही वेळी लिहिले गेले. अशा वाक्यात नव्या रचनेविषयी काहीच सांगितलेले नसते. जुन्या रचनेचे फक्त स्मरण असते. मराठी रसिकास हा अनुभव नवा नाही. बालगंधर्वांच्या उतारवयातील गायनाला बसलेले श्रोते पुष्कळदा समोरचा स्वर ऐकत नसत, आठवणीतला ऐकत.

मग ‘इव्हॉल्व्ह’ कसा ऐकावा? येथे वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’तील एक विचार उपयोगी पडतो. त्यांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान केली. ही कसोटी रॉकला जशीच्या तशी लावणे धाडसाचे होईल, हे मान्य आहे. परंतु या अल्बममागील वादकांची रचनाच तिला आमंत्रण देते. गायक बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे जुने. बास वाजविणारे रुशाद मिस्त्री व ड्रम्स वाजविणारे जय रो कवी हे नव्या पिढीतील. म्हणजे स्वराची बाजू जुनी राहिली आणि लयीची बाजू बदलली. प्रस्तुत लेखकाच्या मते या अल्बमचे सारे बरेवाईट येथेच आहे. समूहाने हात उंचावून म्हणावे असे पूर्वीचे ध्रुवपद येथे मागे पडते. गाणी अंतर्मुख व सावकाश उलगडणारी होतात, आणि त्यांना पुढे नेण्याचे काम ताल करतो. तिनईकरांची गिटार मात्र आपली जुनी ओळख सोडत नाही. काही ठिकाणी ती तालाशी एकजीव होते, काही ठिकाणी दोन पिढ्या शेजारी उभ्या असल्यासारखे वाटते. ध्वनिमिश्रण ‘पर्ल जॅम’च्या ‘टेन’चे मिश्रण करणाऱ्या टिम पामर यांचे आहे. त्यामुळे नाद सफाईदार झाला, पण हा सांधाही काहीसा झाकला गेला. तो सांधा उघडा राहता तर बरे झाले असते.

‘हे इंग्रजीत गातात, मग आपले कसे?’ हा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी सांगताना जनसंगीतास व संगमसंगीतास स्वतंत्र स्थान दिले आहे. त्यांची ही चौकट हाती असताना मराठी समीक्षेने रॉकला ‘गोंगाट’ म्हणून बाजूस सारावे, हे आळसाचे लक्षण वाटते. परिणाम असा की मुंबईत घडलेल्या या संगीताचा निवाडा मराठीत जवळजवळ झालाच नाही. आपल्या महाविद्यालयातील जो विद्यार्थी ते मोबाइलवर ऐकतो, त्याला त्याविषयी स्वतःच्या भाषेत बोलण्यास शब्द मिळत नाहीत. महानगराबाहेर हे शक्य नाही, असेही म्हणता येणार नाही. भारतीय रॉकविषयी गांभीर्याने लिहिणारे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ १९९३ मध्ये अमित सैगल यांनी सुरू केले, ते मुंबईत नव्हे, अलाहाबादेत.