ऑक्सिडेशन नंबरचे नियम: पाठ आहेत, पण कळलेत का?

ऑक्सिडेशन नंबरच्या नियमांची यादी तुमची पाठ असणारच. ऑक्सिजन −२, हायड्रोजन +१, पोटॅशियम +१, सगळ्यांची बेरीज शून्य. पोटॅशियम परमँगनेट घ्या: एक पोटॅशियम +१, चार ऑक्सिजन मिळून −८, म्हणजे मँगनीज +७. झालं. माझी तक्रार उत्तराबद्दल नाही, ही यादीच व्याख्या म्हणून शिकवली जाते त्याबद्दल आहे.

आता हे करून बघा. आम्लयुक्त डायक्रोमेटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की गडद निळा रंग येतो, आणि तो ईथरच्या थरात उतरतो. त्या निळ्या संयुगात क्रोमियमचा एक अणू आणि ऑक्सिजनचे पाच. यादीप्रमाणे क्रोमियम येतो +१०! पण क्रोमियमकडे संयुजा इलेक्ट्रॉन आहेतच मुळी ६. मग दहा देणार कुठून?

तुम्ही म्हणाल, "पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन −१ असतो, हा अपवाद यादीत आहे की!" आहे ना. पण पाचपैकी कोणते ऑक्सिजन पेरॉक्साइडचे, हे सूत्र सांगत नाही; रचना सांगते. म्हणजे अपवाद वापरायला आधी रचना माहीत हवी. यादी नेमकी इथेच लंगडी पडते.

व्याख्या मात्र सोपी आहे. प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन जास्त विद्युतऋण अणूला देऊन टाका. बंध सारख्याच दोन अणूंमधला असेल तर निम्मे-निम्मे वाटा. मग अणूवर जो प्रभार उरतो तो ऑक्सिडेशन नंबर. आययूपॅकच्या २०१६ च्या व्याख्येचा गाभाही हाच आहे. निळ्या संयुगात एक ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेला, बाकीचे चार पेरॉक्साइडच्या दोन जोड्यांत. एक −२, चार −१, क्रोमियम +६. कोडं सुटलं, आणि अपवाद पाठ करावा लागला नाही.

टेट्राथायोनेट आयनात चार गंधक, सहा ऑक्सिजन आणि प्रभार −२. यादी म्हणते, प्रत्येक गंधक +२.५. रचना काढा: चार गंधकांची साखळी, टोकाच्या दोघांना तीन-तीन ऑक्सिजन. टोकाचे +५, मधले दोन शून्य. +२.५ चा गंधक त्यात एकही नाही. ती नुसती सरासरी आहे.

सरासरी निरुपयोगी नाही हं. आयोडीन–थायोसल्फेट अनुमापनात गंधकाची सरासरी +२ वरून +२.५ होते, चार गंधकांमागे २ इलेक्ट्रॉन, हिशोब चोख. पण कोणता अणू बदलला, हे ती सांगत नाही. आणि संशोधनात प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो.

म्हणून एक सवय लावून घ्या: आधी रचना काढा, मग आकडा. आणि +७ म्हणजे मँगनीजवर खरोखर सात प्रभार बसलेत असं समजू नका. तो हिशोबाचा आकडा आहे, मोजलेला प्रभार नाही.