छायाचित्र आणि शिलाक्षर : लिनिअस ट्राइप यांच्या कार्याचा विचार

'फोटोग्राफी' या संज्ञेतील ग्रीक घटकांचा अर्थ प्रकाश आणि लेखन असा आहे. मराठीत 'प्रकाशचित्र' हा शब्दही योजिला गेला; परंतु रूढ झाला तो 'छायाचित्र' हाच. आद्य फोटोग्राफीचा विचार करताना हा दुसरा शब्द अधिक अर्थवाही वाटतो. टॉलबट यांनी 1841 मध्ये पेटंट घेतलेल्या कॅलोटाइप पद्धतीत प्रथम हाती येते ती कागदी नेगेटिव्ह. तीत उजेड काळा दिसतो आणि छाया पांढरी. चित्र वाचावयाचे तर ते आधी उलटावे लागते. लिनिअस ट्राइप यांच्या चित्रांबाबतही वाचकाने हेच केले पाहिजे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

ट्राइप यांचा जन्म 1822 मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एका आरमारी गावात झाला. 17व्या शतकाच्या अखेरीस तेथे बांधलेल्या गोदीवरून गावास 'प्लिमथ डॉक' हेच नाव पडले होते. 1824 मध्ये ते बदलून 'डेव्हनपोर्ट' झाले. 1839 मध्ये ट्राइप ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाले. पुढे रजेवर मायदेशी असताना त्यांनी ही नवी कला हस्तगत केली आणि 1850 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत आपल्या गावची गोदी व तेथील जहाजे टिपली. त्या काळी चित्रास दीर्घ प्रकाशन द्यावे लागे; हलणारी वस्तू पुसट होई. साहजिकच नजर वळे ती नांगरलेल्या, बांधलेल्या, स्थिर वस्तूंकडे. ट्राइप यांच्या पुढील मंदिरचित्रांतील निर्मनुष्य स्तब्धतेचे एक कारण या तांत्रिक मर्यादेत शोधावे लागते.

1854 च्या अखेरीस त्यांनी हळेबीड व बेलूर येथील मंदिरांची चित्रे घेतली. 1855 मध्ये ब्रह्मदेशाच्या राजदरबारी गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर त्यांची योजना झाली आणि तेथील 120 चित्रांचे 50 संच सिद्ध झाले. 1857 मध्ये ते मद्रास सरकारचे फोटोग्राफर झाले. 1859 मध्ये गव्हर्नरपदी आलेल्या ट्रेव्हेल्यन यांना हा खर्च चैनीचा वाटला व काम थांबले. 1902 मध्ये ट्राइप डेव्हनपोर्ट येथेच निवर्तले.

या कार्याविषयी दोन मते संभवतात. एका मते ही चित्रे म्हणजे वास्तूंची निर्लेप नोंद होय. दुसऱ्या मते ती एका एकाकी कलावंताची निर्मिती होय. 2014-15 मध्ये वॉशिंग्टन, न्यूयॉर्क व लंडन येथे भरलेल्या प्रदर्शनाने दुसऱ्या मतास बळ दिले. परंतु दोन्ही मते अपुरी आहेत. कोरे आकाश दिसू नये म्हणून ट्राइप नेगेटिव्हवर रंग लावून ढग उठवीत, झाडांची पालवीही सुधारीत. तेव्हा नोंद निर्लेप नव्हती. आणि कलावंत एकाकीही नव्हता. त्याची वाट, सामग्री व विषय सरकारने ठरविले होते.

या दृष्टीने तंजावरचे 1858 मधील चित्र कसोटीचे ठरते. बृहदीश्वर मंदिराच्या विमानाच्या पायथ्यावर कोरलेले लेख ट्राइप यांनी तुकड्यातुकड्यांनी टिपले आणि 21 चित्रे जोडून सुमारे 19 फूट लांबीचा एक पट तयार केला. राजराज चोळाच्या काळातील या दानलेखांचे हुल्ट्श यांनी केलेले संपादन 1891 पासून प्रसिद्ध होऊ लागले. म्हणजे त्याच्या तीन दशके आधी, स्वतःस न वाचता येणाऱ्या लिपीपुढे एका सैनिकाने कॅमेरा ओळीओळीने सरकविला. येथे ढग रंगविण्यास वाव नव्हता. अक्षर पुरते कळत नसले, तरी ते बदलता कामा नये, ही जाणीव या पटात दिसते. पाठचिकित्सकास ती परिचयाची आहे.

तथापि ही निष्ठा राजकारणाबाहेरची नव्हे. तंजावरचे अखेरचे भोसले राजे 1855 मध्ये निपुत्रिक वारले आणि ते राज्य कंपनीने खालसा केले. कॅमेरा तेथे पोहोचला तो त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. याच मंदिराच्या आवारात दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख आहे. तो राजाने आपल्या भाषेत, आपल्या वंशासाठी लिहविला; ट्राइप यांचा पट नव्या सत्तेच्या दप्तरासाठी सिद्ध झाला. एकाच वास्तूवर लेखनाच्या या दोन कृती अर्धशतकाच्या अंतराने घडल्या, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

जुने छायाचित्र पुरावा म्हणून उद्धृत करण्याचा प्रघात आपल्या प्रबंधांतून वाढत आहे. त्याबरोबर ते कोणी घेतले, कोणासाठी घेतले आणि त्यावर हात कोठे फिरला, हे तीन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. हस्तलिखितास जी चिकित्सा आपण लावतो, तीतून छायाचित्रास सूट देण्याचे कारण नाही.