पत्र, बखर आणि विश्वसनीयता

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यातील पानिपतकालीन पत्रे त्यांना वाईस सापडली होती. प्रस्तावनेत त्यांनी बखरींबरोबर ग्रँट डफचीही कठोर झडती घेतली. डफ हा १८१८ नंतर साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी. अस्सल कागद पाहण्याची त्याच्याइतकी सोय क्वचितच कोणास लाभली असेल. तरीही त्याचा १८२६ चा ग्रंथ या झडतीतून सुटला नाही.

राजवाड्यांचा निकष मात्र तपासून घ्यावयास हवा. बखर प्रसंगानंतर लिहिली जाते, पत्र प्रसंगातच; म्हणून पत्र श्रेष्ठ, हे तारखा व मुक्काम यांपुरते बहुतांशी मान्य व्हावे. परंतु छावणीतला कारकून शत्रूच्या फौजेचा आकडा देतो तेव्हा तो ऐकीव वार्ताच कळवीत असतो. आणि पैशाची मागणी करणारा सरदार आपली अडचण काही कमी करून सांगत नाही! समकालीन तो प्रत्यक्षदर्शी, असे मानण्याचा मोह या निकषातच आहे.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांचे काम या दृष्टीने अधिक उपयुक्त वाटते. ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त पटवर्धनी दप्तरांतील पत्रे कालक्रमाने लावलेली असल्यामुळे एका पत्रातील अनुमान पुढच्या पत्राशी ताडून पाहणे वाचकास शक्य होते. उणीव ही, की साक्षीदार बहुतांशी एकाच घराण्याच्या परिवारातले. हैदर-टिपूंवरील मोहिमांविषयी त्यांचे एकमत आढळले, तरी ती एकच साक्ष पुनःपुन्हा नोंदलेली असू शकते. तेथे म्हैसूरकडील फारसी साधने व कंपनीचे दप्तर शेजारी मांडल्यावाचून निर्णय देता येणार नाही.